एकाच माणसाचं रक्त

काजळसरांच्या डाव्या हाताची तीन बोटं पाहिली की हा माणूस शिवणकाम करतो की काय, असं वाटायचं. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका, तिन्हींची टोकं खरखरीत झालेली आणि बारीक टोचण्यांनी भरलेली. उजव्या हातात खडू असे. डावा हात ते सहसा पाठीमागे ठेवत. नव्या वर्गातल्या मुलांना पहिल्या आठवड्यात ही बोटं दिसत आणि त्यांचे आपापसांत तर्क चालत. मग वरच्या वर्गातलं कोणीतरी त्यांना सांगे की सर रोज सकाळी स्वतःचं रक्त काढतात आणि त्याला काजळी खाऊ घालतात. हे जवळजवळ खरं होतं.

ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं तेव्हा मी धुळ्याच्या कॉलेजात त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. प्राणिशास्त्राचा विभाग म्हणजे दोन खोल्या आणि एक लांबट प्रयोगशाळा. सर मूळचे धरणगावचे, कापूस पिकवणाऱ्या घरातले. त्यांचं खरं आडनाव हजेरीपत्रकावर होतं, पण ते कोणी वापरत नसे. त्यांना काजळसर म्हणतात हे त्यांनाही ठाऊक होतं. त्याची परतफेड म्हणून असेल, त्यांनी आम्हांला आमच्या नावांनी कधी हाक मारली नाही. माणूस ज्या गावाहून आला ते गाव म्हणजे तो माणूस. मी चाळीसगाव होते. माझ्या आधीचा डेमॉन्स्ट्रेटर एदलाबाद होता, आणि पुढे त्याच्या गावाला मुक्ताईनगर म्हणू लागले तरी सरांकडे तो एदलाबादच राहिला. त्याने एकदा हळूच चूक दाखवून दिली, तर सर म्हणाले, "नाव गावाचं बदललं. तू कुठे बदललास?"

सरांचा संशोधनाचा विषय सांगायला सोपा होता. रक्तात तांबड्या पेशी असतात आणि पांढऱ्या असतात. बाहेरचा बारीक कण रक्तात शिरला तर तांबड्या पेशी त्याची फारशी दखल घेत नाहीत. फार तर त्याला अंगाला चिकटू देतात आणि आपल्या वाटेने जातात. पांढऱ्यांतल्या काही मात्र त्याच्याकडे सरकतात, त्याला चहूबाजूंनी वेढतात आणि गिळतात. सरांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की कण फार बारीक केला, मायक्रोस्कोपखाली एकटा दिसणारही नाही इतका बारीक केला, तर पेशीला तो कळतो का. अशा कणांसाठी आज 'नॅनो' असा एक शब्द आहे आणि तो रंगाच्या जाहिरातींतही येतो. तेव्हा तो आमच्यापर्यंत पोचला नव्हता. सर 'अतिसूक्ष्म कण' म्हणत. प्रयोगशाळेतले वयस्क शिपाई आबा आपल्या अहिराणीत 'सरनी काजय', म्हणजे सरांची काजळी, म्हणत.

पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, की कण दिसतच नाही तर मोजायचा कसा. सरांनी मला मायक्रोस्कोपवर बसवलं. खिडकीतून येणारं ऊन आरशावर घेतलं आणि म्हणाले, "एकटा कण कोणालाच दिसत नाही. पेशीने पोटात भरपूर साठवले की तिथे काळा ठिपका दिसतो. आपण कण मोजत नाही, चाळीसगाव. पेशीने काय ठरवलं ते मोजतो." मग मला शंभर पांढऱ्या पेशी मोजायला लावल्या. ठिपका असलेल्या किती, नसलेल्या किती. मान दुखेपर्यंत मोजल्या. त्यांनी माझ्यामागून त्याच शंभर पुन्हा मोजल्या आणि दोन आकडे जुळले नाहीत म्हणून आम्ही दोघांनी तिसऱ्यांदा मोजल्या.

काजळी ते स्वतः धरत. सरकीच्या तेलाचा दिवा, वर पितळी ताटली पालथी. ताटलीला लागलेली काजळी मोरपिसाने काढायची आणि बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलायची. हा खल दोन-दोन तास चाले. डिंक नसेल तर काजळीचे कण मिठाच्या पाण्यात एकमेकांना धरून तळाशी बसतात; डिंक असला की सुटे राहतात. हे काळं पाणी काचेच्या उंच नळ्यांत ओतून कपाटात ठेवायचं आणि वाट बघायची. जाड कण खाली बसतात, बारीक वर तरंगत राहतात. जितके दिवस जास्त, तितकं वरचं पाणी बारीक. सरांनी पहिल्या वर्षी सात दिवस वाट पाहिली होती. मी आल्यावर काही वर्षांनी ते एकवीस दिवसांवर पोचले, आणि शेवटी चाळिसावर. आबांना हा सगळा प्रकार मान्य नव्हता. नळाखालचं काळं पडलेलं बेसिन दाखवून ते मला ऐकवत, "बठ्ठं कायं व्हई गयं. घासनारा मी." सरांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात ऐकवत.

शिकवताना सर या कणांविषयी नातेवाइकांविषयी बोलावं तसं बोलत. एक गोष्ट ते दरवर्षी सांगत आणि मुलं हसत. कण रक्तात उघडा राहत नाही, असं ते म्हणत. रक्तातली प्रथिनं क्षणात त्याच्या अंगावर बसतात, म्हणजे कण रक्तात आला की आधी रक्ताचे कपडे घालतो. पांढरी पेशी हे कपडे चाचपते, आणि आत काजळी आहे की आणखी काही, हे तिला कळत नाही. हे ते करून दाखवत. पेशी खारट पाण्याने धुवून घ्यायच्या, म्हणजे रक्तरस निघून जातो, आणि मग काजळी घालायची. पेशी जागच्या जागी बसून राहत. त्यात रक्तरसाचे चार थेंब परत टाकले की तासाभरात ठिपके दिसू लागत. मागच्या बाकावरचा एखादा मग विचारायचा की सर, म्हणजे पेशीसुद्धा कपडे बघूनच माणूस ओळखते का. सर म्हणायचे, तुझ्यापेक्षा बरं ओळखते, तू कपडेही बघत नाहीस.

रक्त स्वतःचंच का, याला एक कारण होतं. सुरुवातीला ते वर्गातल्या मुलांचं घेत. मी येण्याआधी एका मुलीचं बोट टोचलं होतं आणि तिने घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातून पहिल्या एस.टी.ने आले आणि प्राचार्यांकडे न जाता थेट प्रयोगशाळेच्या पायरीवर बसले. आबा हा प्रसंग मला अनेकदा सांगत. ते गृहस्थ रागावलेले नव्हते, उलट फार शांत होते. त्यांनी सरांना एवढंच विचारलं, "मनी पोरनं रगत काबर काढं? माले इचारं का?"

सरांजवळ उत्तरं पुष्कळ होती. थेंबभर रक्त, स्वच्छ सुई, अभ्यासक्रम. त्यातलं त्यांनी काहीच सांगितलं नाही. विचारायला हवं होतं, चुकलो, असं म्हणाले, त्यांना चहा पाजला आणि स्टँडपर्यंत पोचवायला गेले. परत आल्यावर वहीत त्या दिवसाच्या पानावर लिहिलं की यापुढे रक्त एकाच माणसाचं. तेव्हापासून रोज सकाळी साडेसातला, ऊन पूर्वेच्या खिडकीत येण्याच्या आत, ते स्पिरिटचा बोळा बोटाला लावून स्वतःला टोचून घेत. रविवारी बोटांना सुट्टी असे. मी एकदा माझं बोट पुढे केलं, तर त्यांनी ते पेनाने बाजूला सारलं. "तुझ्या वडिलांना विचारून ये." माझे वडील चाळीसगावला रेल्वेत होते आणि त्यांनी लगेच हो म्हटलं असतं. मी विचारलं नाही आणि तो विषय तिथेच राहिला.

अशी नऊ-दहा वर्षं गेली असतील. प्रबंध आकाराला आला. त्यातला मुद्दा असा होता की कण जसजसा बारीक होतो तसतसा तो पेशीच्या लक्षात येईनासा होतो. सात दिवसांची काजळी पेशींनी भराभर गिळली होती, एकवीस दिवसांची कमी आणि चाळीस दिवसांची फारच थोडी. वर्षागणिक काजळी बारीक होत गेली होती आणि वर्षागणिक ठिपके कमी होत गेले होते. कागदावर ती रेघ फार सुंदर उतरत आली होती. सर ती रेघ कोणाला दाखवताना फक्त कागद पुढे सरकवत. त्यांचे मार्गदर्शक येत्या जूनमध्ये निवृत्त होणार होते. प्रबंध त्याआधी गेला नाही तर नोंदणी संपणार होती, आणि सरांचं वय नव्याने नोंदणी करण्याचं नव्हतं. हे विभागात सगळ्यांना माहीत होतं. त्या वर्षी कोणी त्यांच्यावर जास्तीचा तास टाकला नाही.

त्या वर्षी त्यांच्या उजव्या पायाला चप्पल लागली. अंगठ्याजवळ एवढीशी जखम, ती दसऱ्यापासून बरी होत नव्हती. ते हळद भरत, पट्टी बांधत आणि उभं राहूनच शिकवत. पाणी फार पीत. माठ त्यांच्या टेबलाजवळ असे आणि आबा तो भरत राहत. धुळ्याच्या उन्हात सगळेच फार पाणी पितात, त्यामुळे ते हिवाळ्यातही पितात हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी ते चार दिवसांसाठी धरणगावला गेले. भावाकडे कापसाची वेचणी होती. जाताना चाळीस दिवसांच्या काजळीच्या शेवटच्या सहा स्लाइडी मला रंगवायला देऊन गेले. मी त्यातली एक फोडली. नळाखाली धरली होती, हातातून सुटली आणि त्या काळ्या बेसिनमध्ये तिचे दोन तुकडे झाले. मी तेव्हा तिशी ओलांडलेली बाई होते, आणि तरी मला शाळेतल्या मुलीसारखी भीती वाटली. सर ओरडले नसते, पण वहीत लिहिलं असतं, 'एक स्लाइड चाळीसगावकडून फुटली', आणि ती ओळ कायमची राहिली असती. काजळी नळीत उरली होती. आबा तेवढे होते. मी स्वतःचं बोट टोचलं, सरांच्या पद्धतीने सगळं केलं, ऊब दिली, स्लाइड रंगवली. सहावी स्लाइड त्या पाचांच्या शेजारी ठेवली की कोणाला काही कळणार नव्हतं.

आधी मोजून घ्यावं म्हणून मी ती मायक्रोस्कोपखाली ठेवली. जवळजवळ प्रत्येक पांढरी पेशी काळ्या ठिपक्यांनी भरलेली होती. शेजारच्या पाच स्लाइडींत असे ठिपके शोधावे लागत होते.

मला वाटलं, घाईत काजळी जास्त पडली. पुन्हा केली. पुन्हा तेच. माझं तोंड बघून आबांनी बाही वर केली आणि म्हणाले, "मनं बी काढा. मनं रगत काय वाईट शे का?" त्यांचीही भरलेली निघाली. मग मी तिन्ही स्लाइडी कागदात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवल्या. सर आल्यावर त्यांना सांगितलं की एक स्लाइड फुटली. ते म्हणाले, बरं. त्यांनी बोट टोचून दुसरी केली, तिच्यात ठिपके तुरळकच होते, आणि त्यांनी तो आकडा समाधानाने वहीत लिहिला. फुटल्याची नोंदही केली, मला वाटलं होतं तशीच.

मी गप्प राहिले. याचं कारण मी पुढे अनेक प्रकारे शोधून पाहिलं. एक कारण असं की लबाडीने केलेल्या स्लाइडीवर बोलायला मला तोंड नव्हतं. दुसरं असं की मी एक डेमॉन्स्ट्रेटर होते आणि समोर नऊ-दहा वर्षांची रेघ होती. तिसरं, आणि बहुधा खरं, असं की प्रबंध टायपिस्टकडे गेला होता आणि सर आनंदात होते. आबाही बोलले नाहीत. ते माझ्याकडे बघत आणि बेसिन घासत. दिवाळी गेली, संक्रांत गेली. सर हातात काठी धरू लागले.

फाल्गुनात गल्ली नंबर पाचमधल्या टायपिस्टकडून पाच प्रती आल्या. बांधणीला देण्याआधी टायपिंगच्या चुका बघायला सरांनी एक प्रत मला दिली आणि स्वतः समोरच्या स्टुलावर पाय ठेवून बसले. पायाला घोट्यापर्यंत पट्टी होती आणि खोलीत तिचा वास येत होता. मी तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर आले. तिथे लिहिलं होतं की सर्व प्रयोगांसाठी एकाच निरोगी प्रौढ माणसाचं रक्त वापरलं आहे. टायपिंगची चूक नव्हती. मी ते वाक्य वाचलं, पायाकडे पाहिलं, पुन्हा वाक्य वाचलं. मग उठून कपाटातून तिन्ही स्लाइडी गुंडाळलेला तो कागद आणला.

"सर, एक स्लाइड बघाल?"

ते काठी टेकत खिडकीपाशी गेले. आरसा उन्हाकडे वळवला. बराच वेळ बघितलं, स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली. डोळा न काढताच त्यांनी विचारलं, "काजळी कुठली?"

"तुमचीच. चाळीस दिवसांची."

"आणि रक्त?"

"माझं. दुसरीही माझीच, तिसरी आबांची."

आबा दाराशी उभे होते. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "मनं बी भरेल शे, सर."

सरांनी तिन्ही पाहिल्या. मग पहिली उचलून तिच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी वाचली. मी तिच्यावर तारीख लिहिली होती, दिवाळीच्या आधीची. त्यांनी ती वाचली हे मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. स्लाइड जपून खाली ठेवली.

"म्हणजे काजळी बरोबर आहे," ते म्हणाले. "चूक माझ्या बोटात आहे."

थोड्या वेळाने त्यांनी तोंडी परीक्षेत विचारतात तशा आवाजात मला विचारलं की पांढऱ्या पेशी कशाकशाने मंद होतात. मी सांगू लागले, उपासमार, म्हातारपण, दीर्घ ताप, मधुमेह. तिथे त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि आबांकडे वळून आज माठ कितव्यांदा भरला ते विचारलं. आबांनी तीन बोटं दाखवली. अजून अकरा वाजले नव्हते.

लघवीतली साखर ओळखायचा प्रयोग आम्ही दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांकडून करून घेत असू, पाण्यात ग्लुकोज घालून. निळं द्रावण, खाली ज्योत. साखर असेल तर निळं हिरवं होतं, मग पिवळं, आणि फारच असेल तर विटेसारखं लाल. सरांनी तो प्रयोग स्वतःवर केला. हिरवा आणि पिवळा कधी येऊन गेले ते कळलंही नाही. त्यांनी नळी उजेडात धरली, सगळ्या बाजूंनी पाहिली आणि म्हणाले, "पहिल्या वर्षाच्या पोरांना इतका चांगला रंग कधी मिळाला नाही."

साखर किती वर्षं होती ते कोणालाच सांगता आलं नसतं. पण पाच-सहा वर्षांच्या वह्या उघडल्यावर अंदाज येत होता. काजळी वर्षावर्षाने बारीक झाली होती आणि रक्त वर्षावर्षाने आजारी. दोन्ही गोष्टी एकाच गतीने चालल्या होत्या, आणि ती सुंदर रेघ काजळीची नव्हती, सरांच्या आजाराची होती. ज्या पेशी स्लाइडीवर काजळी गिळत नव्हत्या त्याच पेशी अंगठ्याच्या जखमेतही गेल्या होत्या आणि तिथेही तशाच बसून राहिल्या होत्या.

विभागप्रमुख त्यांना भेटायला घरी आले तेव्हा मी तिथे होते. चांगला माणूस, सरांचं भलं व्हावं असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याने समजावलं की प्रबंध टाइप होऊन पडला आहे, मार्गदर्शकांची सही आहे, जून दोन पावलांवर आहे. कोण धुळ्याला येऊन बोट टोचून बघणार आहे? सर म्हणाले, "चाळीसगावने बघितलं ना." काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. विभागप्रमुखांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण ती मी विसरलेले नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी विद्यापीठाला पत्र लिहिलं की प्रबंध मागे घेत आहे, कारण रक्त निरोगी माणसाचं नव्हतं. दोन ओळींचं पत्र. पोस्टात टाकायला त्यांनी ते माझ्याकडेच दिलं.

जळगावच्या डॉक्टरांनी आधी अंगठा काढला आणि पावसाळ्यानंतर घोट्याखालचा पाय. दवाखाना जवळ हवा म्हणून सर आणि काकू जळगावलाच राहायला गेले. धुळ्याच्या प्रयोगशाळेत त्यांची जागा मला मिळाली, तिथला माठ आणि काळं बेसिनही. जाण्याआधी त्यांनी मला एक काम सांगितलं. सगळं पुन्हा करायचं, अनेक माणसांच्या रक्तावर, आणि प्रत्येकाला विचारून. मुलगा-मुलगी असेल तर घरच्यांना विचारून. त्यासाठी त्यांनी एक पत्र स्वतःच्या हाताने लिहून दिलं, सोप्या मराठीत, की थेंबभर रक्त कशासाठी हवं आहे आणि नाही म्हटलं तरी चालेल. पुष्कळांनी नाही म्हटलं. ज्यांनी हो म्हटलं त्यांच्यावर मी तीन वर्षं काजळी मोजली.

निकाल साधा होता. निरोगी माणसाच्या पेशी बारीक काजळीही गिळतात. तिने रक्ताचे कपडे घातलेले असले म्हणजे पुरे. मी आकडे घेऊन जळगावला गेले. दुपारची वेळ होती, काकू आत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होत्या. सर पलंगावर बसून होते, फार वाळले होते, नजरही अधू झाली होती. मी वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकलं, दोन ठिकाणी पुन्हा वाचायला लावलं आणि म्हणाले की हे तर पुस्तकात आहे. मी म्हटलं, हो. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. पुस्तकाशी जुळलं म्हणून बरं वाटल्यासारखं दिसलं.

मग मी जे बोलायला तीन वर्षं जळगावला येत होते ते बोलले. म्हटलं की सर, मला चार महिने आधी कळलं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर पाय वाचला असता कदाचित.

"तारीख वाचली होती मी," ते म्हणाले. मला वाटलं, झालं, एवढंच. पण ते पुढे बोलू लागले, खालच्या आवाजात, आत ऐकू जाऊ नये अशा बेताने. "तू चार महिने गप्प राहिलीस. मी सहा वर्षं. एकवीस दिवसांची काजळी पहिल्यांदा केली तेव्हा घरी एकदा हिचं बोट टोचलं होतं. नियम मोडून. पेशी भरलेल्या निघाल्या, अगदी काळ्याकुट्ट. रेघ तेव्हा नुकती दिसायला लागली होती. मी म्हटलं, काजळी नीट निवळली नसेल. म्हटलं, बायकांचं रक्त वेगळं असेल. स्लाइड पुसून टाकली."

"आणि वहीत?"

"नाही लिहिलं."

आतून काकू म्हणाल्या, "सुई जाड होती. दोन दिवस पीठ मळता आलं नाही मला." त्यांना सगळं ऐकू येत होतं.

सर हसले. मग त्यांनी त्या साली वापरलेली निळ्या पुठ्ठ्याची वही कुठे असेल ते सांगितलं आणि म्हणाले की ते लिहून टाक. तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीने, आजच्या तारखेने. कोणी सांगितलं तेही लिही. मी विचारलं की आता कशाला. ते म्हणाले, "झालं होतं म्हणून."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांना धरणगावला नेलं होतं; मी तिथे पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. आबा माझ्याबरोबर होते.

वही लिहायला मला त्यानंतरही वर्ष लागलं. ती धुळ्याला, काजळीच्या नळ्यांच्या कपाटात होती. सरांना दिवस आठवत नव्हता, पण शोधावा लागला नाही. त्यांच्या वहीत ओळी एकाखाली एक, जागा न सोडता लिहिलेल्या असत. त्या साली श्रावणातल्या एका रविवारी, बोटांच्या सुट्टीच्या दिवशी, त्यांनी तारीख घातली होती आणि पुढे काही लिहिलं नव्हतं. त्या तारखेपुढे मी लिहिलं:

काजळी एकवीस दिवसांची. रक्त पत्नीचं. शंभर पेशी मोजल्या की नाही, आठवत नाही. बहुतेक सर्व भरलेल्या. सरांनी सांगितल्यावरून.